'गोळी घेतलीस का' याच्या आधी एक प्रश्न विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी वडलांच्या काळापासून येतो पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. लांब होणार आहे हे आधीच सांगते. जागा नसेल तर कुठलंही कापा, फक्त केसपेपरबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका, कारण खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलेय.

महिन्या दोन महिन्यातून एकदा तरी आतल्या पानावर एक छोटी बातमी असते. विवाहितेची विहिरीत उडी, नाहीतर विवाहिता भाजली, नाहीतर घरातून निघून गेली, आणि शेवटी एक ओळ, 'सदर महिलेवर मानसोपचार सुरू होते'. बास. ती ओळ आली की बातमी संपली, वाचणारा पान उलटतो, शेजारीपाजारी म्हणतात हो हो डोक्याचं होतं तिला. मी मात्र त्या ओळीवर अडकते. त्या बाईला घरात कोण कसं वागवत होतं, अंगावर आधीचे वळ होते का, माहेरी काही बोलली होती का, हे कुणी विचारलं होतं का हो? आजार होता हे कारण म्हणून छापलं जातं. आजार असलेल्या बाईला मारणं सोपं पडतं कारण तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे कधीच छापलं जात नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या उदासीत जातं तो आजार. तिला विचारूनच हे लिहितेय, नाव तिचंही देत नाही आणि माझंही छापू नका.

२००३ ला ती बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होती, १९ वर्षांची. तीन आठवडे झोप नाही, रात्री दोन वाजता उठून घरातली सगळी भांडी घासायची, बोलणं थांबेना, मग एकदम महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपून. देवाधर्माचं सगळं झालं, अंगारे झाले, शेवटी एका भल्या फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं म्हणून वाचली. लिथियम, म्हणजे मन ताळ्यावर ठेवणारं औषध, सुरू झालं, दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, गोळी एकदम बंद करायची नाही. हे सगळं ती स्वतः पाळायची. बीकॉम झाली, एका सीएच्या ऑफिसात टॅलीवर एंट्र्या करायची, छान चाललं होतं.

मग सुरू झालं 'लग्न करून टाका, सगळं जाग्यावर येईल'. आत्या, मामा, शेजारच्या काकू, प्रत्येकाचं हेच. आणि मी पण त्यातच होते, मी काही वेगळी नव्हते. स्थळ आलं तेव्हा आईनं सांगितलं की मुलीला 'टेन्शनच्या गोळ्या' चालू आहेत. अर्धवट सांगितलं. खोटं नाही पण खरंही नाही. २००८ ला लग्न झालं.

सहा-सात महिन्यात नवऱ्यानं तिची जुनी फाईल उघडून बघितली आणि त्याला सगळं कळलं. त्याला सोडायचं असतं तर कायदा होता त्याच्या बाजूनं, फसवणूक झाली म्हणून एका वर्षाच्या आत कोर्टात जाता येतं. त्यानं तसं केलं नाही. त्यानं ती फाईल स्वतःच्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात ठेवली. त्यानंतर घरात काहीही झालं तरी एकच वाक्य, 'तुझ्या घरच्यांनी वेडी गळ्यात बांधली'. आमच्या त्या एका अर्धवट वाक्याची किंमत माझ्या बहिणीनं कशी मोजली ते आता सांगते, कारण अशी वाक्यं आजही रोज कुठल्या ना कुठल्या बैठकीच्या खोलीत बोलली जातायत.

लिथियमनं काहींचा हात बारीक थरथरतो. तिचा थरथरतो. चहाचा कप बशीत ठेवला की किणकिण असा आवाज येतो, थांबत नाही. पाहुण्यांसमोर तो आवाज झाला की पाहुणे गेल्यावर थोबाडीत. पहिली थोबाडीत ह्याच कारणानं बसली २००९ ला, गणपतीत. तेव्हापासून ती कप एका हातानं आणि बशी दुसऱ्या हातानं वेगवेगळी आणून ठेवते. आज माझ्या घरी राहते, इथं कुणी काही म्हणत नाही, तरी कप आणि बशी अजून वेगवेगळीच येते.

गोळ्या त्याच्या ताब्यात होत्या. आता हे ऐकायला चांगलं वाटतं ना, नवरा वेळेवर गोळ्या देतो. दवाखान्यात सगळे त्याचं कौतुक करायचे. पण तो मनात येईल तेव्हा द्यायचा. भांडण झालं की आठवडाभर द्यायचा नाही, आणि लिथियम असं झटक्यात बंद झालं की आजार उसळून येतो हे त्याला चांगलं माहीत झालेलं. मग ती रात्रभर जागायची, मोठमोठ्यानं बोलायची, एकदा तिनं ताट फेकलं, आणि मग तो सगळ्या गल्लीला बोलावून दाखवायचा, बघा, मी कसे दिवस काढतोय. नंतर कधी उलट, रात्रीची झोपेची जड गोळी दोन-दोन द्यायचा. त्या गाढ झोपेत तिच्याशी काय केलं जायचं हे तिनं मला खूप वर्षांनी सांगितलं, स्वयंपाकघरात, कणीक मळताना, माझ्याकडे न बघता. इथं जास्त लिहीत नाही, तिनं लिहू नको म्हटलंय. नवऱ्यानं बायकोवर केलेली जबरदस्ती आपल्या नव्या फौजदारी कायद्यातही बलात्कार धरली जात नाही, पण २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, त्याखाली दाद मागता येते, एवढं मात्र वाचणाऱ्या बायकांना माहीत असू दे.

टॅलीची नोकरी सुटली, मग घरी ब्लाऊज शिवायची, ते पैसे त्याच्याकडे. एटीएम कार्ड त्याच्याकडे. कारण 'हिला पैशाचं कळत नाही, आजारात उधळते'. मुलगा झाला २०१० ला, तो चार वर्षांचा असताना त्याला शिकवलेलं, 'आईच्या डोक्यात किडा आहे'. आणि सगळ्यात मोठा धाक म्हणजे, 'एक सही केली की येरवड्याला', म्हणजे मनोरुग्णालयात. आपल्याकडे ठाणे, येरवडा ही गावांची नावं राहिलीच नाहीत, बाईला गप्प करायचे शब्द झालेत.

आणि आम्ही काय करत होतो? ह्यानंच मला झोप येत नाही. मी पोस्टात काउंटरला होते, ती दुपारी तो नसताना कुणाच्या तरी फोनवरून करायची, माझ्यासमोर रांग उभी असायची. ती म्हणायची, ताई, काल त्यांनी परत मारलं. आणि मी विचारायचे, गोळी घेतलीस का? खरंच सांगते, दरवेळी माझा पहिला प्रश्न हाच. काळजीनंच विचारायचे. आई पण हेच विचारायची, भाऊ पण. तिला काय ऐकू यायचं माहितेय? की तू सांगतेस ते खरं नाही, तुझा आजार बोलतोय. दोन-तीन वर्षांनी तिनं सांगणं बंद केलं, आणि आम्हाला वाटलं आता बरं चाललंय.

हे सात वर्षं चाललं. सात वर्षात दर दीड-दोन महिन्यांनी ती दवाखान्यात जात होती, म्हणजे मोजा किती वेळा ती डॉक्टरांसमोर बसली. प्रत्येक वेळी शेजारी तो. डॉक्टर विचारायचे, 'कशी आहे ही?' आणि बघायचे त्याच्याकडे. ती समोर बसलेली असताना. मग केसपेपरवर लिहायचे, चिडचिड, संशय, गोळ्या अनियमित. संशय म्हणजे काय, तर ती एकदा म्हणाली होती की हे माझ्या गोळ्या लपवतात. गोळ्या लपवल्या जात होत्या ही खरी गोष्ट केसपेपरवर आजाराचं लक्षण म्हणून लिहिली गेली! एकदा डोळ्याखाली काळं-निळं होतं तर त्यानं सांगितलं चक्कर येऊन मोरीत पडली, ते पण तसंच लिहिलं. मी त्या दवाखान्याचं नाव घेणार नाही कारण डॉक्टर वाईट नव्हते, ओपीडीत शंभर माणसं बाहेर बसलेली, एका माणसाला पाच मिनिटं, आणि सोबत आलेला नातेवाईक नीटनेटका, हातात फाईल, सगळ्या तारखा पाठ. मी पण त्याच्यावरच विश्वास ठेवला असता. ठेवलाच होता.

२०१६ च्या पावसाळ्यात एक नवीन शिकाऊ डॉक्टरबाई होत्या. त्यांनी नवऱ्याला रक्ताच्या तपासणीचा कागद दिला आणि म्हणाल्या खाली जाऊन नंबर लावा. तो गेला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, 'घरी तुमच्यावर कुणी हात उचलतं का?' बहीण सांगते की ती पहिल्यांदा 'नाही' म्हणाली. मग त्या म्हणाल्या, आज नाही सांगितलंत तरी चालेल, पुढच्या वेळी पण मी तुम्हाला एकटीलाच भेटणार आहे. तेव्हा हिनं बाही वर केली.

पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. पण त्या पाच मिनिटात त्या बाईंनी केसपेपरवर तारीख टाकून लिहिलं, तिच्याच शब्दात लिहिलं, 'नवऱ्यानं बेल्टनं मारलं असं पेशंट सांगते', आणि माणसाचं छोटं चित्र काढून कुठं कुठं वळ आहेत ते दाखवलं, किती लांब, कुठल्या रंगाचे. आणि स्वतःच्या पेपरची झेरॉक्स मागायचा हक्क तुम्हाला आहे हे सांगितलं. आमच्या सगळ्या कोर्टकचेरीत पुढं जो काही एक कागद कामाला आला तो हा. आम्ही भावंडांनी सात वर्षात एवढं केलं नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. पोस्टातल्या एका मैत्रिणीच्या मुलीनं बरीच माहिती काढून दिली. आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या साधारण २५ टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलंय, देशात हा आकडा २९ च्या पुढं. आणि देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी कधी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. हे झालं सगळ्या बायकांचं. ज्यांना मानसिक आजार आहे त्यांचं काय? लंडनमधे एक पाहणी झाली होती, त्यात गंभीर मानसिक आजाराच्या बायकांपैकी २७ टक्के बायकांना एका वर्षात घरगुती हिंसा झालेली, बाकीच्या बायकांमधे तो आकडा ९. म्हणजे तिप्पट. आणि हे आपलं परदेशातलं म्हणून सोडून द्यायला नको, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत वीसेक वर्षांपूर्वी मानसिक आजारासाठी ॲडमिट झालेल्या १४६ बायकांशी नीट वेळ देऊन बोललं गेलं, तेव्हा ३४ टक्के बायकांनी लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं, आणि करणाऱ्यात सगळ्यात जास्त नाव आलं ते नवऱ्याचं किंवा जोडीदाराचं. ज्यांच्यावर झालं त्यातल्या ६० टक्के बायकांनी त्याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आणि त्या १४६ जणींच्या फायलीत ह्याची नोंद किती ठिकाणी होती? साडेतीन टक्के. विचारलं तर ३४, फाईलमधे साडेतीन. हा आकडा मी एका कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवून ठेवलाय.

आधी आजार की आधी मार, हाही प्रश्न लोक करतात. दोन्हीही असतं. धडधाकट बाईला रोज मारलं तर ती डिप्रेशनमधे जाणारच की. आणि आधीच आजार असेल तर मारणाऱ्याला आयतं हत्यार मिळतं. मग मारानं आजार वाढतो, आजार वाढला की तिच्या बोलण्याची किंमत अजून कमी होते, आणि मारणारा अजून मोकळा. आमच्या हिचं गोळ्यांचं प्रमाण त्या सात वर्षात तीनदा वाढवलं गेलं. माझ्याकडे आल्यावर दीड वर्षात ते कमी झालं. औषध तेच, डॉक्टर पण तेच, फक्त घर बदललं.

आता कुणी म्हणेल, आजारात ह्या बायका खोटंनाटं पण बोलतात, भ्रम होतात. होतात. मी नाकारत नाही. माझी बहीण पहिल्या झटक्यात म्हणायची की समोरचे काका तिचे विचार रेडिओवरून ऐकतात. आणि असेही नवरे आहेत जे वीस-वीस वर्षं बायकोच्या गोळ्या, रक्त तपासण्या, मुलं, नोकरी सगळं निभावतात, पेशंटच्या घरच्यांच्या आमच्या मदत गटात असे दोघे येतात आणि त्यांच्यासमोर मी हात जोडते. ते दमतात, रडतात, चिडतात पण. पण हात उचलत नाहीत. तेव्हा दमणूक हे कारण मला कुणी सांगू नये. आणि भ्रमाचं म्हणाल तर ओपीडीच्या टेबलावर बसून पाच मिनिटात खरं-खोटं ठरवायला कोण सांगतंय? ती जे सांगते ते तिच्या शब्दात लिहून ठेवा, अंगावर काय दिसतं ते लिहा, बरी असताना परत एकदा एकटीला विचारा. रेडिओवाले काका चार आठवड्यात औषधानं गेले. बेल्टचे वळ औषधानं गेले नाहीत, आणि बरी असताना पण ती तेच सांगत होती.

पोलिसात गेलो तेव्हा पहिला प्रश्न, 'ह्यांची ट्रीटमेंट चालू आहे ना, मग जबाब कसा घ्यायचा?' तेव्हा आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. आता माहितेय. साक्षीच्या कायद्यात तेव्हाही होतं आणि २०२३ च्या नवीन साक्ष अधिनियमातही कलम १२४ ला आहे, की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी साक्षीला अपात्र ठरत नाही, विचारलेला प्रश्न कळत नसेल किंवा नीट उत्तर देता येत नसेल तरच. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की पूर्वी ट्रीटमेंट घेतली, ॲडमिट होती, तेवढ्यावरून आज ती आजारी आहे असं ठरवता येत नाही. हे दोन मुद्दे प्रत्येक ठाण्यात भिंतीवर लावले तर किती बायकांचे हेलपाटे वाचतील.

त्याचं घर सोडल्यावर तिनं राहायचं कुठं हा अजून एक प्रश्न. माझ्या घरी तेव्हा सासूबाईंचं आजारपण होतं म्हणून आम्ही एका निवारागृहात विचारलं, तर म्हणाले मानसिक आजाराच्या बाईला घेत नाही, आमच्याकडे सोय नाही. बरं, मनोरुग्णालयात विचारलं तर म्हणाले ती तर बरी आहे, तिला इथं कशाला. दोघांचंही खरं असेल, पण मग बाई उभी कुठं राहणार? शेवटी सासूबाईच म्हणाल्या, आण गं तिला, माझ्या खोलीत झोपंल. तशी झोपली ती, आठ महिने, आणि सासूबाईंचं शेवटचं सगळं तिनंच केलं. पण ज्या बाईला बहीण नाही, बहिणीला अशी सासू नाही, तिचं काय? आजच्या घडीलाही मार सोसलेल्या बायकांसाठी जी निवारागृहं आणि सखी केंद्रं सरकारनं काढलीत तिथं लिथियम घेणारी बाई आली तर तिच्या गोळ्यांची जबाबदारी कुणी घ्यायची हे लिहून ठेवलंय का, ह्याचं उत्तर महिला व बालविकास खात्यानं द्यावं.

कोर्टात त्याच्या वकिलानं तीच जुनी फाईल काढली, कपाटातली. तिला विचारलं, तुम्हाला आवाज ऐकू येतात का? ती म्हणाली, 'नाही, मला तो आजार नाही. आणि ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांना पण थोबाडीत बसलेली कळते.' मी मागं बाकावर बसले होते. माझी लहान बहीण, जी फोनवर दोन वाक्यं बोलून गप्प व्हायची. संरक्षणाचा आदेश मिळाला, दरमहा खर्च मिळाला, तो कधी येतो कधी येत नाही. मुलगा मात्र अजून पूर्ण आमच्याकडे नाही, शनिवार-रविवार येतो. 'मनोरुग्ण आईकडे मूल कसं देणार' हा मुद्दा अजून चालू आहे. त्याला आता स्वतःला सगळं कळतं, परवा त्यानं विचारलं, आई, तुझी लिथियमची टेस्ट कधी आहे, मी येऊ का सोबत.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून दोन-तीन गोष्टी सांगते. 'एक सही केली की आत' हा धाक ज्यांना दाखवला जातो त्यांनी लक्षात ठेवा, २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसत्या नवऱ्याच्या सहीवर कुणाला ठेवून घेता येत नाही, दोघांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं स्वतः तपासावं लागतं आणि बाई असेल तर तीन दिवसात मानसिक आरोग्य मंडळाला कळवावं लागतं. आणि आपल्या वतीनं कोण बोलणार ते आपण बरे असतानाच ठरवता येतं. साधा कोरा कागद घ्यायचा, त्यावर लिहायचं की माझी नामनिर्देशित प्रतिनिधी अमुक, सही किंवा अंगठा करायचा. आपण कुणाला नेमलं नसेल तर पाळी नातेवाईकांची येते, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याची, म्हणजे जो मारतो तोच तुमच्या वतीनं बोलणार. माझ्या बहिणीनं माझं नाव लिहिलंय, तो कागद तिच्या पर्समधे आणि एक माझ्याकडे असतो, आणि मनात आलं तर ती कधीही बदलू शकते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. मारहाणीसाठी १८१ आणि आजाराचं काही विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६, दोन्ही नंबर फुकट आहेत. आणि औषध बंद करणं, लपवणं हा पण छळच आहे, त्या २००५ च्या कायद्यात तब्येतीला अपाय होईल असं कुठलंही वागणं धरलेलं आहे, नुसती मारहाण नाही.

पण बाईनं कायदा पाठ करावा आणि मग वाचावं, असं नसतं हो. ती तर आधीच दर दीड महिन्यानं एका टेबलासमोर येऊन बसते. म्हणून माझी खरी मागणी त्या टेबलापाशीच आहे. मानसोपचाराच्या प्रत्येक ओपीडीत, सरकारी असो खाजगी असो, बाई पेशंटला प्रत्येक वेळी पाच मिनिटं एकटीला भेटायचं, हा नियमच करा, म्हणजे नवऱ्याला पण वाटणार नाही की मलाच का बाहेर काढलं. घरी मारतात का, गोळ्या कुणाकडे असतात, पैसे कुणाकडे असतात, रात्री नको असताना जबरदस्ती होते का, एवढं विचारायचं आणि जे उत्तर येईल ते तारखेसकट लिहायचं. मुंबईत २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिकेनं आणि सेहत संस्थेनं मिळून दिलासा केंद्र सुरू केलं, तिथं हॉस्पिटलच्या आतच, जखम घेऊन आलेल्या बाईला हे विचारायला माणसं शिकवून ठेवली. पुढं ते मुंबईतल्या बाकी हॉस्पिटलांमधेही गेलं. म्हणजे होत नाही असं नाही, सरकारी हॉस्पिटलात होतं. मग मानसोपचाराच्या खोलीत का नको, जिथं ह्या बायका सगळ्यात जास्त वेळा येतात?

तुम्हा पेपरवाल्यांना पण एक विनंती. १० ऑक्टोबरला तुम्ही मानसिक आरोग्याची पुरवणी काढता, चांगली असते, मी जपून ठेवते. पण त्यात योगासनं, स्ट्रेस, मोबाईल, ऑफिस एवढंच नको. आणि ती जी शेवटची ओळ असते ना, मानसोपचार सुरू होते, ती छापण्याआधी तुमच्या वार्ताहरानं पोलिसांना एवढं तरी विचारावं की घरच्यांविरुद्ध आधी काही तक्रार होती का, माहेरचे काय म्हणतात. उत्तर मिळालं तर ते पण छापा.

हे पत्र पाठवायच्या आधी बहिणीला वाचून दाखवलं. तिनं दोन जागी खोडायला लावलं, ते खोडलं. मग बराच वेळ काही बोलली नाही, मशीनवर काहीतरी शिवत होती. नंतर म्हणाली, त्या डॉक्टरबाईंची ट्रेनिंग संपली आणि त्या गेल्या, नंतर कधी भेटल्याच नाहीत, कुठं असतील काय माहीत, पेपर वाचत असतील तर त्यांना कळू दे की बाही वर करणारी ती पेशंट बरी आहे, लिथियम चालू आहे, आणि पुन्हा टॅलीवर बसायला लागलीय.

आपली,
एक वाचक, कराड
(नाव छापू नये ही विनंती)